पाहणाऱ्याला उत्तर मिळाले पाहिजे

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या दारणाकाठच्या गावात शेतीची वीज पाळीने येते. ज्या आठवड्यात पाळी रात्रीची, त्या आठवड्यात शेतकऱ्याने हातात बॅटरी घेऊन रात्रभर उसाला पाणी भरायचे, हा नेमच झाला आहे. शहरातल्या माणसाला आकाश पाहायचे तर गच्चीवर जावे लागते. पाणी भरणाऱ्याच्या डोक्यावर ते रात्रभर असते.

अशाच एका पहाटे, मी अकरावीत असताना, माझ्या वडिलांना (आम्ही त्यांना आण्णा म्हणतो) आकाशात दिव्यांची एक रांग दिसली. पांडवलेण्याच्या डोंगराच्या अंगाने ती वर आली आणि सिन्नरच्या बाजूला उतरत गेली. दिवे पन्नासएक असतील. सगळे सारख्या अंतरावर, एकामागे एक, मुंग्यांच्या ओळीसारखे. आवाज मुळीच नव्हता. आण्णांनी बॅटरी विझवली, बांधावर उभे राहून ती रांग संपेपर्यंत पाहिली, आणि सकाळी घरी येऊन आईला व मला सांगितले.

आमचा भाग लष्कराचा. आकाशात भलतेच काही दिसले तर ते कळवणे आपले काम आहे, असे आण्णांना मनापासून वाटले. त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि ते एका सरकारी चौकीत गेले. तेथील माणसाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “रात्री किती घेतली होती?” आण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ते काही न बोलता परत आले. पण गोष्ट त्यांच्या आधीच गावात पोहोचली होती. त्या दिवसापासून त्यांना ‘तबकडीवाले आण्णा’ हे नाव पडले आणि एस.टी.च्या थांब्यावर मलाही मुले “काय, आज तबकडीने नाही का आलीस?” असे विचारू लागली.

मित्रमैत्रिणींनो, उडत्या तबकड्या खऱ्या की खोट्या, या वादात मला पडायचे नाही. परग्रहावरून कोणी आले असावे असे मला वाटत नाही, आणि आण्णांनीही तसे कधी म्हटले नाही. त्यांनी एवढेच विचारले होते की, ते काय होते? या साध्या प्रश्नाला उत्तर देणे कोणाचे काम आहे, असा माझा प्रश्न आहे.

नाशिक रोड परिसरातल्या माणसाला आकाशातले दिवे नवीन नाहीत. एकीकडे देवळालीचे तोफखाना विद्यालय आणि नाशिक रोडचे तोफखाना केंद्र, दुसरीकडे गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्करी हेलिकॉप्टरांचे शिक्षण, आणि पलीकडे ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना. माझी आजी शाळेत गेली नाही, पण रात्रीच्या सरावात तोफेतून उडवलेला उजेडाचा गोळा ती बरोबर ओळखते. तो छत्रीला टांगलेला असतो, हळूहळू खाली येतो आणि मागे धुराची रेघ सोडतो. हेलिकॉप्टरचा दिवा लुकलुकतो आणि त्याचा आवाज आधी येतो. विमानाचा आवाज मागून येतो. ही तिची विद्या आहे आणि ती वर्षानुवर्षे पाहून मिळालेली आहे. अशा घरातला माणूस जेव्हा म्हणतो की हे यांतले काहीच नव्हते, तेव्हा त्याच्या शब्दाला काही किंमत असली पाहिजे. तो अर्थ लावण्यात चुकू शकेल. पण पाहण्यात चुकला, असे ऐकण्यापूर्वीच कसे ठरवता येईल?

असे प्रश्न जगात सहसा लष्कराकडे जातात, कारण आकाशाची राखण त्यांच्याकडे असते. अमेरिकेच्या वायुदलाने १९४८ पासून अशा वार्तांची चौकशी सुरू केली आणि १९५२ ते १९६९ या काळात ती ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या नावाने चालली. एकूण १२,६१८ वार्ता नोंदल्या गेल्या. बहुतेकांचा उलगडा ग्रह, तारे, उल्का, विमाने, फुगे असा झाला आणि ७०१ वार्तांचा झाला नाही. ही नोंद ठेवल्याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. परंतु त्याच चौकशीतली १९६६ सालची मिशिगन राज्यातली हकीकत वाचताना मला आण्णांची चौकी आठवली.

त्या वर्षी मार्च महिन्यात डेक्स्टर गावाजवळ शेतावर राहणाऱ्या एका कुटुंबाने दलदलीवर दिवे पाहिल्याचे पोलिसांना सांगितले. दुसऱ्या रात्री हिल्सडेल येथील महाविद्यालयाच्या वसतिगृहातून ८७ विद्यार्थिनींनी तसेच दिवे पाहिले. वायुदलाने आपले सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांना पाठवले. थोड्याच दिवसांत पत्रकार परिषद झाली आणि हायनेक यांनी सांगितले की, हा दलदलीतला वायू पेटल्याचा प्रकार असू शकेल. वर्तमानपत्रांनी तेवढेच उचलले. साऱ्या देशात हशा पिकला, आणि त्या हशात ते शेतावरचे कुटुंबही सापडले. उत्तर बरोबर होते की चूक, हा वाद बाजूला ठेवू. पाहणाऱ्यांना मात्र ते उत्तर आपल्याला दिलेले वाटले नाही, आपल्याला गप्प करण्यासाठी दिलेले वाटले. तेथील लोकप्रतिनिधी जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदेने यात लक्ष घालावे अशी मागणी केली. त्याच वर्षी हा विषय अभ्यासासाठी कोलोरॅडो विद्यापीठाकडे सोपवण्यात आला. विद्यापीठाचा अहवाल १९६९ च्या आरंभी प्रसिद्ध झाला आणि वर्षअखेर ब्लू बुक बंद झाले. बंद करताना वायुदलाने जे निष्कर्ष दिले, त्यांतला पहिलाच असा होता की, या वार्तांपैकी कोणतीही राष्ट्राच्या सुरक्षिततेला धोका दाखवणारी नाही.

मला वाटते, सगळी गोम येथेच आहे. लष्कराचा प्रश्न असतो, “यात धोका आहे काय?” पाहणाऱ्याचा प्रश्न असतो, “ते काय होते?” हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते एक नाहीत. “धोका नाही” असे ठरले की लष्कराच्या दृष्टीने काम संपते आणि कागद कपाटात जातो. यात लष्कराचा दोष नाही. सरहद्द सांभाळणाऱ्याने प्रत्येक दिव्याची जन्मकुंडली मांडत बसावे, अशी अपेक्षा कोण करील? पण म्हणून दुसरा प्रश्न वाऱ्यावर सोडायचा काय?

आपल्या देशातले दोन प्रसंग पाहा. २०१२ च्या ऑगस्टपासून २०१३ च्या फेब्रुवारीपर्यंत लडाखमध्ये सरोवरावरच्या आकाशात आपल्या जवानांनी अज्ञात प्रकाशगोलांच्या ३२९ नोंदी केल्या. शेजारी देशाची हेरगिरी करणारी यंत्रे असावीत, असा संशय होता. अखेर भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या नोंदी तपासल्या, तेव्हा ते गुरू आणि शुक्र हे ग्रह निघाले. उंच प्रदेशातल्या निर्मळ हवेत ते इतके तेजस्वी दिसत होते की तरबेज डोळेही फसले. ही हकीकत मी हसण्यासाठी सांगत नाही. जवानांनी वेळ लिहिली, दिशा लिहिली, सहा महिने चिकाटीने लिहिली, म्हणून तर शास्त्रज्ञांना ग्रह ओळखता आले. त्या जवानांना “किती घेतली होती?” असे कोणी विचारले नाही, आणि विचारू नयेच. मग तोच मान उसात उभ्या असलेल्या माणसाला का नाही?

दुसरा प्रसंग इंफाळचा. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी दुपारी तेथील विमानतळावर आकाशात एक अनोळखी वस्तू दिसल्याची वार्ता आली. काही तास विमानांची ये-जा थांबली आणि वायुदलाने शोधासाठी राफेल विमाने पाठवली. विमानतळावरून मिळालेल्या माहितीवरून हवाई संरक्षणाची यंत्रणा कामाला लावली, वस्तू त्यानंतर दिसली नाही, असे वायुदलाने जाहीर केले. हे जाहीर झाले ही चांगलीच गोष्ट आहे. पण “दिसली नाही” हे धोक्याच्या प्रश्नाचे उत्तर झाले. ज्यांनी ती दुपारी उघड्या डोळ्यांनी पाहिली, त्यांचा प्रश्न तेथेच उभा राहिला.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भापासून मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणारे लांबलचक पट्टे पाहिले. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले विमान पेटले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले आणि त्या परिसरात धातूचा गोळाही सापडला. प्रशासनाने वस्तू ताब्यात घेतल्या, इस्रोचे शास्त्रज्ञ तपासणीसाठी आले. २०२१ च्या फेब्रुवारीत चीनने सोडलेल्या ‘लाँग मार्च ३-बी’ या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले. लाडबोरीकरांना ऐकून घेणारे भेटले, कारण त्यांच्या अंगणात पुरावा पडला होता. समजा, ते कडे एखाद्या तलावात बुडाले असते, तर? पाहणारे तेच, त्यांचे डोळे तेच, पण मग त्यांच्याही गावात एखादे ‘तबकडीवाले’ तयार झाले असते.

माणसाचा शब्द नोंदून घेण्याची रीत सरकारला माहीत नाही, असे नाही. आमच्याच भागातले उदाहरण देते. दारणाकाठच्या उसात बिबटे आहेत, आणि २०२० साली त्यांच्या हल्ल्यांत आमच्या पट्ट्यातल्या गावांत माणसे दगावली. आज कोणी “बिबट्या दिसला” असे कळवले की वनखात्याची माणसे येतात, पंजाचे ठसे पाहतात, कॅमेरा लावतात, गरज असेल तर पिंजरा लावतात. कधी ठसे कुत्र्याचे निघतात, कधी तरसाचे. मग ते शेतकऱ्याला सांगतात की बाबा, हा बिबट्या नव्हता. शेतकऱ्याची काळजी मिटते आणि त्याचा अपमानही होत नाही. जमिनीवरच्या प्राण्यासाठी ही रीत बसू शकली, तर आकाशातल्या दिव्यासाठी का बसू नये?

फ्रान्समध्ये ती बसली आहे. तेथील अंतराळ संस्थेत १९७७ पासून यासाठी एक लहानसा नागरी विभाग आहे. गावातला सशस्त्र पोलीस साक्षीदाराची जबानी लिहून घेतो, पण अर्थ लावण्याचे काम शास्त्रज्ञ करतात. प्रत्येक प्रकरणाला अ, ब, क, ड अशा अर्थाच्या चार प्रतींपैकी एक प्रत मिळते: उलगडा झालेले, बहुधा उलगडा झालेले, माहिती अपुरी असल्याने सोडलेले, आणि माहिती पुरेशी असूनही न उलगडलेले. मग साक्षीदाराचे नाव वगळून ते सर्वांना वाचता येईल असे प्रसिद्ध केले जाते. “आम्हाला कळले नाही” असे लिहिण्याची सोय ज्या सरकारी कागदावर आहे, त्या कागदावर लोकांचा विश्वास बसतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आपल्यासारख्या देशाला, जेथे पाण्याची आणि नोकरीची ओरड आहे, ही चैन परवडेल काय? मला वाटते, यात खर्च फारसा नाहीच. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी अभ्यासकांच्या बळावर चालते. विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचे विभाग आहेत, महाविद्यालयांत भूगोलाचे आहेत. हैदराबादहून टाटा संस्थेचे वैज्ञानिक फुगे सुटतात, तेव्हा मराठवाडा-विदर्भातल्या जिल्ह्यांसाठी आधी सूचना निघते की, उपकरणे पडलेली दिसली तर हात लावू नका, कळवा. तोफांच्या सरावापूर्वीही आसपासच्या गावांना सूचना देण्याची कायद्यात तरतूद आहे. म्हणजे वरून खाली माहिती येण्याची वाट आहे. खालून वर जाण्याची आणि उत्तर घेऊन परतण्याची वाट तेवढी बांधायची आहे.

दुसरा आक्षेप असा की, असल्या गोष्टी नोंदू लागलो तर अफवांना ऊत येईल. माझे मत नेमके उलटे आहे. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात आणि मराठवाड्यात रात्री गावांवर ड्रोन फिरतात, ते चोरांसाठी घरे हेरतात, अशी भीती पसरली. गावोगाव तरुण काठ्या घेऊन रात्रभर जागले. तेथे अफवा पसरली ती कोणी नोंद केली म्हणून नव्हे. खात्रीचे उत्तर वेळेवर गावात पोहोचले नाही, म्हणून ती पसरली. उत्तराची जागा रिकामी राहिली की तेथे अफवा येऊन बसते. अंधश्रद्धेला नावे ठेवणाऱ्या आपण शिकलेल्या लोकांनी हे ध्यानात घ्यावे. न ऐकता हसणे आणि न तपासता मानणे, या दोन्हींत विचार करण्याचे कष्ट वाचतात.

आता आण्णांची हकीकत पुरी करते. गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रात्री भूगोलाचे सर तारे दाखवत होते. मी भीतभीत त्यांना ती गोष्ट सांगितली. सर हसले नाहीत. त्यांनी विचारले, “वेळ कोणती? कुठून कुठे गेली? आवाज होता का? तारीख?” आण्णांना इंग्रजी तारीख आठवत नव्हती, पण संकष्टीचा उपास सोडल्यानंतरची पहाट होती, हे पक्के ठाऊक होते. पंचांगावरून तारीख निघाली. सरांनी उपग्रहांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी ‘स्टारलिंक’ या मालिकेचे उपग्रह सुटलेले होते. अमेरिकेतली स्पेस-एक्स कंपनी २०१९ च्या मेपासून एका रॉकेटमधून पन्नास-साठ उपग्रह एकदम सोडू लागली, आणि सुटल्यावर काही दिवस ते आकाशात एका रांगेत दिसतात.

मी घरी येऊन आण्णांना सांगितले. त्यांनी माझी चांगली परीक्षा घेतली. आवाज का नाही? कारण ते शेकडो किलोमीटर वर असतात. त्यांना दिवे कोणी लावले? दिवे नाहीत, तो सूर्याचाच उजेड. सूर्य तर उगवला नव्हता? आपल्याला नव्हता, पण डोंगराच्या शेंड्याला ऊन आधी लागते, तसे त्यांना लागले होते. मग रात्री बाराला का दिसत नाहीत? तेव्हा तेही पृथ्वीच्या सावलीत असतात. आण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हंजे व्हतं ना ते.”

मग त्यांनी जे सांगितले, ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. दुसऱ्या पहाटेही त्यांनी ती रांग पाहिली होती. दिवे मंद झाले होते आणि त्यांच्यातले अंतर वाढले होते. सर म्हणाले, असेच व्हायला हवे, कारण उपग्रह दिवसेंदिवस वर चढतात आणि एकमेकांपासून पांगतात. म्हणजे माझ्या वडिलांनी दोन पहाटे शिस्तीने निरीक्षण केले होते, पण दुसरे निरीक्षण त्यांनी कोणालाही सांगितले नाही. आईलाही नाही, मलाही नाही. चौकीतल्या त्या एका वाक्याने दोन वर्षे त्यांचे तोंड बंद केले होते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. शिकून काय करणार, असे मला गावात विचारतात तेव्हा नोकरीचे उत्तर माझ्याजवळ अजून नाही. पण आमच्या लोकांनी जे पाहिले आणि सोसले, ते लिहून घेणे आणि त्याचे उत्तर शोधून परत त्यांच्यापर्यंत नेणे, एवढे तरी मला जमले पाहिजे, असे वाटते.

गुरुजनांना आणि विद्यार्थी मंडळाला माझी एक विनंती आहे. सरकार करील तेव्हा करील. आपल्या ग्रंथालयात एक साधी वही ठेवू या. तारीख, वेळ, दिशा, क्षितिजापासून किती मुठी उंच, किती वेळ, आवाज, ढग, एवढे रकाने पुरेत. आपल्यातले निम्म्याहून अधिक विद्यार्थी खेड्यांतून येतात आणि प्रत्येकाच्या घरी रात्री जागणारे कोणी ना कोणी आहे. त्यांनी सांगितलेले आपण लिहू, भूगोल विभागाने महिन्यातून एकदा ते तपासावे आणि उत्तर त्या घरी कळवावे. उत्तर नाही मिळाले तर “नाही मिळाले” असे कळवावे. पहिली नोंद कोणाची असावी, हे मी आण्णांना विचारले आहे. ते म्हणाले, “लिही. दोन्ही पहाटा लिही.”